आयकर रिटर्नची तारीख गेली, पोर्टल पुढे सरकू देत नाही: नेमकं कुठे अडलंय ते कसं शोधायचं

कापूस वेचणीला जोर आला की आमच्या खान्देशात दोन गोष्टी एकदम सुरू होतात. भरीत पार्ट्यांची आमंत्रणं आणि राहिलेल्या रिटर्नचे फोन. "भाऊ, मन्हं रिटर्न ऱ्हाई गयं, आते काय करानं?" फोन जळगावहून येवो, अमळनेरहून येवो की शहाद्याहून, प्रश्न तोच. यातले निम्मे लोक गेल्या वर्षीही याच दिवसांत हेच विचारत होते. मी या भागातली रिटर्न्स भरून देतो, त्यामुळे दरवर्षी तीच उत्तरं फोनवर देण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहिलेलं बरं.

"रिटर्न राहिलं" म्हणजे नेमकं काय, तिथेच पहिला घोळ असतो. कोणी खरंच भरलेलं नसतं. कोणी भरलेलं असतं, पण व्हेरिफाय, म्हणजे ओटीपीने किंवा सहीने पक्कं, केलेलं नसतं. कोणाचा ड्राफ्ट सेव्ह होऊन पडलेला असतो आणि तो माणूस भरलं समजून निश्चिंत असतो. कोणाला नोटीस आलेली असते, पण ती दुसऱ्याच्या ईमेलवर. कोणाचे पैसे भलत्याच वर्षाच्या खात्यात जमा झालेले असतात. या प्रत्येकाची मुदत वेगळी आणि उपायही वेगळा. म्हणून आधी आपली कोणती मुदत संपली ते बघायचं, बटणं दाबायची ती नंतर.

मुदती चार आहेत. ज्यांना ऑडिट नाही अशा पगारदार आणि पेन्शनर मंडळींची मूळ तारीख ३१ जुलै. ती कधी कधी वाढते. २०२४-२५ या आर्थिक वर्षासाठी ती आधी १५ सप्टेंबर २०२५ झाली आणि अगदी शेवटी आणखी एक दिवस मिळून १६ सप्टेंबर. अशा वाढीव तारखांनीच लोकांची सवय बिघडली आहे. "वाढेल ना अजून?" हा प्रश्न मला जुलैच्या पहिल्या आठवड्यापासून ऐकू येतो.

दुसरी मुदत ३१ डिसेंबर. कलम १३९(४) खाली उशिराचं रिटर्न भरायची ही शेवटची तारीख. जुन्या लोकांच्या डोक्यात अजून ३१ मार्च बसलेला आहे, कारण पूर्वी तसंच होतं. २०२१-२२ या असेसमेंट इयरपासून (कमाईच्या वर्षानंतरचं, कर आकारणीचं वर्ष) कायद्यात ही मुदत तीन महिने अलीकडे आणली. डिसेंबरची तारीख वाढण्याच्या भरवशावर राहू नका. २०२४-२५ च्या असेसमेंट इयरला ती १५ जानेवारी २०२५ पर्यंत गेली होती खरी, पण कमी उत्पन्नावरचा कर माफ करणाऱ्या कलम ८७ए च्या सवलतीवरून मुंबई उच्च न्यायालयात प्रकरण गेलं आणि न्यायालयाने आदेश दिला, म्हणून.

तिसरी मुदत व्हेरिफिकेशनची, ३० दिवस. चौथी आयटीआर-यूची, म्हणजे अपडेटेड रिटर्नची, असेसमेंट इयर संपल्यापासून ४८ महिने. या दोन्हींबद्दल पुढे.

एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा. एप्रिल २०२४ ते मार्च २०२५ ची कमाई म्हणजे आर्थिक वर्ष २०२४-२५ आणि असेसमेंट इयर २०२५-२६. अर्ध्या चुका या एका वर्षाच्या फरकातून होतात. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा, २०२५ लागू झाला आणि त्यात कलमांचे आकडे बदलले. पण त्याआधीच्या वर्षांची रिटर्न्स १९६१ च्या जुन्या कायद्यानेच चालतात, म्हणून इथे जुनेच कलम क्रमांक दिले आहेत.

"भरलं होतं हो, तरी भरलं नाही म्हणतात"

सगळ्यात जास्त येणारी तक्रार हीच. दहापैकी आठ वेळा कारण एकच असतं, व्हेरिफिकेशन राहिलेलं.

पोर्टलवर लॉगिन करा, ई-फाइलमध्ये इन्कम टॅक्स रिटर्न्स आणि त्यात व्ह्यू फाइल्ड रिटर्न्स उघडा. तिथे त्या वर्षाची ओळच दिसत नसेल तर रिटर्न गेलेलंच नाही, फक्त ड्राफ्ट सेव्ह झालेला आहे. अशा वेळी फाइल करायच्या पानावर रिझ्यूम फाइलिंग असं बटण वाट बघत असतं. ओळ दिसते पण पुढे 'पेंडिंग फॉर ई-व्हेरिफिकेशन' लिहिलंय, तर अर्धं काम झालंय. तिकीट काढलं पण गाडीत बसलाच नाहीत, असा तो प्रकार.

पोर्टल उघडायची सोय नसेल तर घरातला कागद बघा. वरच्या मथळ्यात 'व्हेरिफिकेशन फॉर्म' असं इंग्रजीत छापलं असेल तर तो आयटीआर-व्ही, म्हणजे रिटर्न अजून अर्धवट आहे. 'अ‍ॅक्नॉलेजमेंट' छापलं असेल तर काम पूर्ण. दोन्ही कागद दिसायला सारखेच. दोन्हींवर १५ अंकी पोच क्रमांक आणि तेच आकडे, म्हणून फसगत होते. एक निवृत्त गुरुजी माझ्याकडे आयटीआर-व्ही घेऊन आले, तर तो चक्क लॅमिनेट केलेला. "महत्त्वाचा कागद आहे, भिजू नये म्हणून." त्याच कागदावर सही करून बेंगळुरूच्या सीपीसीला, म्हणजे आयकर खात्याच्या प्रक्रिया केंद्राला, पाठवायची सूचना छापलेली होती. प्लास्टिकच्या आतून ती स्वच्छ वाचताही येत होती.

आता नियम. १ ऑगस्ट २०२२ पासून व्हेरिफिकेशनला ३० दिवस मिळतात. त्याआधी १२० होते, म्हणून जुन्या अनुभवावर जाऊ नका. ३० दिवसांत व्हेरिफाय केलं तर ज्या दिवशी अपलोड केलं तीच रिटर्न भरल्याची तारीख धरतात. ३० दिवस उलटल्यावर केलं तर ज्या दिवशी व्हेरिफाय केलं ती तारीख धरतात.

याचा अर्थ नीट समजून घ्या. मूळ तारीख १६ सप्टेंबर होती त्या वर्षाचंच उदाहरण. १० सप्टेंबरला अपलोड केलं आणि ५ ऑक्टोबरला व्हेरिफाय केलं, तर तुम्ही १० सप्टेंबरलाच, म्हणजे वेळेत भरलं. तेच व्हेरिफिकेशन ५ नोव्हेंबरला केलं, तर रिटर्न ५ नोव्हेंबरचं, म्हणजे उशिराचं. मग विलंब फी लागते, व्याज लागतं आणि जुन्या करप्रणालीचा पर्यायही जातो. ३१ डिसेंबरच्या रात्री अपलोड करणाऱ्यांचं तर आणखी अवघड. त्यांना ३० जानेवारीच्या आत व्हेरिफाय करावंच लागतं. तो दिवस हुकला तर उशिराचं रिटर्नसुद्धा वेळेत भरलेलं राहत नाही.

३० दिवस उलटून गेले असतील तर सर्व्हिसेसमध्ये कंडोनेशन रिक्वेस्ट आहे. त्यात आयटीआर-व्ही उशिरा दिल्याबद्दलचा पर्याय निवडा, कारण लिहा, अर्ज टाका. कारण खरं आणि थोडक्यात लिहा. आजारपण असेल तर आजारपण, आधारचा मोबाइल बंद होता तर तसं. 'अपरिहार्य कारणास्तव' एवढंच लिहिलेला अर्ज वाचणाऱ्याला काहीच सांगत नाही.

काही हुशार मंडळी इथे एक घोटाळा करतात. व्हेरिफाय न झालेलं रिटर्न डिस्कार्ड करायची सोय पोर्टलवर आहे, २०२३-२४ या असेसमेंट इयरपासून. चुकीचं भरलं, व्हेरिफाय केलेलं नाही, तर ते टाकून देऊन नवं भरायला हरकत नाही. पण मूळ तारीख उलटल्यावर डिस्कार्ड केलंत, तर नवं रिटर्न १३९(४) चंच, उशिराचंच होतं. जुन्याची तारीख नव्याला मिळत नाही. म्हणजे अपलोड वेळेत झालं होतं, ३० दिवस अजून शिल्लक आहेत आणि चूक किरकोळ आहे, तर डिस्कार्डला हात लावू नका. आधी व्हेरिफाय करा, दुरुस्ती नंतर रिव्हाइज्ड रिटर्नमध्ये करा.

"ओटीपीच येत नाही"

आधारला जोडलेला नंबर बंद पडलेला असतो, हे नेहमीचं. गावाकडे सिमकार्ड बदलायचं प्रमाण मोठं, आणि आधारवर नंबर सहसा पहिल्या मोबाइलचा, दहा वर्षांपूर्वीचा. आधार केंद्रात जाऊन नंबर बदलता येतो, पण तिथे बोटाचा ठसा जुळावा लागतो आणि बदल लागू व्हायला काही दिवस जातात. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात हा रस्ता धरू नका.

दुसरे रस्ते आहेत. पोर्टलवर प्री-व्हॅलिडेट केलेलं (आधीच तपासून जोडलेलं) आणि ईव्हीसीसाठी, म्हणजे व्हेरिफिकेशनच्या कोडसाठी, चालू असलेलं बँक खातं असेल तर त्यावरून कोड मागवा. तो ७२ तास चालतो. नेट बँकिंगमधून थेट पोर्टलवर जाता येतं. डीमॅट खातं असेल तर त्यावरूनही कोड येतो. घरातल्या पोरांनी शेअर घ्यायला उघडून दिलेलं डीमॅट इथे उपयोगी पडलेलं मी पाहिलंय. यातलं काहीच नसेल तर आयटीआर-व्ही छापा, सही करा, बेंगळुरू ५६०५०० ला स्पीड पोस्टने पाठवा. पाकीट ३० दिवसांच्या आत तिथे पोचलं पाहिजे, नुसतं इथून निघून भागत नाही.

खातं प्री-व्हॅलिडेट होत नसेल तर दोन गोष्टी तपासा. पहिली आयएफएससी. देना बँक १ एप्रिल २०१९ ला बँक ऑफ बडोदात गेली, पुढच्या वर्षी आणखी बँकांचं विलीनीकरण झालं, पण पोर्टलवर जुने कोड तसेच पडून आहेत. खातं काढून नव्या कोडने परत टाका. दुसरी नाव. आपल्याकडे शाळेच्या दाखल्यावर आणि पासबुकावर आडनाव पहिलं, पॅनवर ते शेवटी, आणि मधलं वडिलांचं नाव कुठे पूर्ण तर कुठे एका अक्षराचं. बँकेतलं नाव पॅनसारखं करून घेणं हा खरा उपाय. शाखेत अर्ज द्यावा लागतो, हे काम उन्हाळ्यात उरकून टाका.

पॅन आधारशी जोडलेलं नसल्याने निष्क्रिय झालं असेल तर आधार ओटीपी चालतच नाही. १,००० रुपये फी भरून लिंक करायची, आणि पॅन परत चालू व्हायला ३० दिवसांपर्यंत लागू शकतात. निष्क्रिय पॅनवर रिटर्न भरता येतं, पण रिफंड अडकतो.

"१३९(१) घेत नाही, आणि टॅक्स अचानक वाढला"

जुलैत ड्राफ्ट करून ठेवला, डिसेंबरात उघडला, सबमिट दाबलं की एरर. ड्राफ्टमध्ये फाइलिंग सेक्शन १३९(१), म्हणजे वेळेत भरलेल्या रिटर्नचा, राहिलेला असतो. पार्ट ए जनरलमध्ये जाऊन तो १३९(४) करा. ऑफलाइन युटिलिटी वापरत असाल तर आधी तिची ताजी आवृत्ती उतरवा, जुन्या आवृत्तीत तयार झालेली फाइल पोर्टल नाकारतं.

सेक्शन बदलला की कर वाढलेला दिसतो आणि माणूस घाबरतो. पण हा पोर्टलचा बिघाड नाही. २०२४-२५ या असेसमेंट इयरपासून नवी करप्रणाली आपोआप लागू असते. जुनी हवी असेल तर ती वेळेत भरलेल्या रिटर्नमध्येच निवडावी लागते. धंदा-व्यवसाय असणाऱ्यांना त्यासाठी वेगळा फॉर्म १०-आयईए मूळ तारखेच्या आत द्यावा लागतो. तारीख चुकली की जुनी प्रणाली गेली. ८० सी ची गुंतवणूक, ८० डी चा आरोग्य विमा, राहत्या घराच्या कर्जाचं व्याज, घरभाड्याची सूट, सगळं गेलं.

आमच्याकडे याचा फटका बसतो तो रेल्वे, आयुध निर्माणी, दीपनगरचं वीज केंद्र आणि जिल्हा परिषदेच्या शाळा इथल्या नोकरदारांना. एक हिशेब करून बघू. भुसावळचा एक पगारदार, २०२४-२५ चा पगार ११,००,०००. कार्यालयाने जुन्या प्रणालीने टीडीएस, म्हणजे पगारातूनच कर, कापला. प्रमाणित वजावट ५०,०००, व्यवसाय कर २,५००, गृहकर्जाचं व्याज २,००,०००, ८० सी चे १,५०,०००, आरोग्य विमा २५,०००. करपात्र उरले ६,७२,५००, उपकर धरून कर ४८,८८०, तेवढाच टीडीएस. वेळेत भरलं असतं तर देणं शून्य.

त्याने भरलं २० डिसेंबरला. आता नवी प्रणाली, वजावट फक्त ७५,०००, करपात्र १०,२५,०००, उपकरासह कर ५५,९००. फरक ७,०२०. त्यावर कलम २३४ए चं व्याज दरमहा १ टक्का, अर्धवट महिना पूर्ण धरून चार महिन्यांचे २८० रुपये. विलंब फी ५,०००. एकूण १२,३००. लोक फक्त पाच हजारांच्या फीबद्दल बोलतात, या उदाहरणात त्याहून मोठा फटका करप्रणालीचा आहे. फरक १०,००० किंवा त्याच्या वर गेला असता तर अ‍ॅडव्हान्स टॅक्सचं व्याजही वेगळं लागलं असतं.

शेअर किंवा धंद्यातला तोटा पुढच्या वर्षी ओढायचा असेल, तर तोही उशिराच्या रिटर्नमध्ये ओढता येत नाही. घरमिळकतीचा तोटा तेवढा जातो पुढे.

"टॅक्सच निघत नाही, तर पाच हजार कशाचे?"

भांडणाचा विषय. फी कराची नाही, उशिराची आहे. कलम २३४एफ प्रमाणे एकूण उत्पन्न ५ लाखांपर्यंत असेल तर १,०००, त्यावर ५,०००. उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या आत असेल आणि कायद्याने रिटर्न भरणं बंधनकारक नसेल, तर काही नाही. ६ लाख उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य झाला तरी फी ५,०००. वजावटीनंतरचा आकडा बघतात, हे मात्र लक्षात ठेवा. ५,६०,००० पेन्शन असलेल्या माणसाचे ७५,००० वजा होऊन ४,८५,००० उरतात, म्हणून त्याला १,०००.

२०२५-२६ या आर्थिक वर्षापासून हा गोंधळ वाढणार. "१२ लाखांपर्यंत टॅक्स नाही" एवढंच लोकांनी ऐकलंय. नव्या प्रणालीत करमुक्त मर्यादा ४ लाख आहे. ४ ते १२ लाखांमधला कर सवलतीने शून्य होतो, पण ती सवलत रिटर्नमध्येच मिळते. म्हणजे ४ लाखांच्या वर उत्पन्न असणाऱ्याला रिटर्न भरायचंच आहे. कमी उत्पन्न असूनही ज्यांचं वर्षाचं वीजबिल १ लाखावर गेलं, परदेश प्रवासावर २ लाखांहून जास्त खर्च झाला किंवा टीडीएस-टीसीएस २५,००० किंवा जास्त कापला गेला, त्यांनाही भरावं लागतं. ज्येष्ठांना ही टीडीएसची मर्यादा ५०,००० आहे.

चलान भरलं, तरी बाकी दाखवतं

फी आणि व्याज रिटर्नच्या आधी भरायचं, ई-पे टॅक्समधून. तिथे असेसमेंट इयर बघून निवडा आणि प्रकार सेल्फ असेसमेंट टॅक्स, म्हणजे ३००. अ‍ॅडव्हान्स टॅक्सचा १०० हा आकडा पहिला दिसतो म्हणून लोक तो दाबून मोकळे होतात. चूक झालीच तर सर्व्हिसेसमध्ये चलान करेक्शन आहे. असेसमेंट इयर बदलायला पैसे भरल्यापासून ७ दिवस मिळतात, १०० चा ३०० करायला ३० दिवस. पैसे भरून चलान आपोआप रिटर्नमध्ये आलं नाही तर थांबू नका. पावतीवरचा बीएसआर कोड (बँक शाखेचा क्रमांक), चलान क्रमांक आणि तारीख हाताने टाका.

सहकारी बँकेत खातं असलेल्यांना यादीत आपली बँक सापडत नाही. त्यांनी पेमेंट गेटवेतून यूपीआयने भरावं. एनईएफटीचा पर्यायही आहे, पण ३१ डिसेंबरच्या दुपारी तो वापरू नका. पैसे खात्यातून जातात आणि चलान मात्र दुसऱ्या दिवशीचं तयार होतं.

केळी, ईमेल आणि डिफेक्टिव्ह नोटीस

रावेर, यावल, चोपडा या पट्ट्यातली गोष्ट. माणूस नोकरीला, शिवाय केळीचा बाग. शेतीचं उत्पन्न करमुक्त असतं म्हणून रिटर्न भरून देणारा नेट कॅफेवाला सरळ आयटीआर-१ भरतो. पण शेतीचं उत्पन्न ५,००० च्या वर गेलं की आयटीआर-१ चालत नाही, आयटीआर-४ पण नाही. पगारदाराला आयटीआर-२ लागतो. निव्वळ शेती उत्पन्न ५ लाखांच्या वर असेल तर त्यात जिल्हा, पिनकोड, किती एकर, स्वतःची की भाडेपट्ट्याची, बागायत की कोरडवाहू, हेही भरावं लागतं. सातबारा जवळ घेऊन बसा. आणि शेतीचं उत्पन्न करमुक्त असलं तरी इतर उत्पन्न मर्यादेच्या वर असेल तर दर ठरवताना ते मिळवलं जातं, म्हणून लपवून फायदा नाही.

फॉर्म चुकला किंवा माहिती अपुरी राहिली की कलम १३९(९) ची नोटीस येते, उत्तराला १५ दिवस. उत्तर दिलं नाही तर रिटर्न अवैध, म्हणजे भरलंच नाही असं धरतात. मग उशिराच्या रिटर्नच्या रांगेत.

आणि हे १५ दिवस वाया का जातात? कारण नोटीस गेलेली असते कॅफेवाल्याच्या ईमेलवर. नोंदणी करताना "ईमेल सांगा" म्हटलं, तुम्ही म्हणालात "नाही हो आपल्याकडे", आणि त्याने स्वतःचा टाकला. मोबाइलही बऱ्याचदा त्याचाच. एकाच दुकानाच्या ईमेलवर गावभराची पत्रं येतात, ती कोण वाचणार? माझ्या मते खान्देशातल्या राहिलेल्या रिटर्नचं सगळ्यात मोठं कारण पोर्टल नाही, हा उसना ईमेल आहे. प्रोफाइलमध्ये जा, मुलाचा असो सुनेचा असो, पण घरातल्या माणसाचा नंबर आणि ईमेल टाका. सल्लागाराचा दुय्यम म्हणून राहू द्या. पासवर्डही स्वतःकडे लिहून ठेवा. सल्लागार बदलला की पासवर्डसाठी मिनतवाऱ्या करणारे लोक मी दर सीझनला बघतो.

टीडीएस दिसत नाही म्हणून थांबलेले

संस्थेने किंवा ठेकेदाराने टीडीएस कापला, पण त्याचं विवरण भरलं नाही, म्हणून २६ एएस मध्ये, म्हणजे पोर्टलवरच्या कर जमा झाल्याच्या उताऱ्यात, आकडा नाही. "दिसला की भरू" म्हणत डिसेंबर येतो. थांबू नका. पगाराची स्लिप, फॉर्म १६ किंवा कापल्याचा दाखला हातात असेल तर टीडीएस दाखवून रिटर्न वेळेत भरा. मागणीची नोटीस येऊ शकते. तेव्हा कलम २०५ दाखवा: ज्याचा कर कापला गेला आहे त्याच्याकडून तेवढा कर परत मागता येत नाही. सोबत कापणाऱ्याला लेखी पत्र द्या आणि त्याची पोच घ्या. तोंडी सांगितलेलं पुढे कुठेच उपयोगी पडत नाही.

३१ डिसेंबरही गेली

आता दोनच दारं. कर भरायचा असेल तर आयटीआर-यू, आणि रिफंड घ्यायचा असेल तर माफीचा अर्ज.

आयटीआर-यूची मुदत आधी २४ महिने होती, १ एप्रिल २०२५ पासून ती ४८ झाली. पण त्यात जादा कर आहे. कर आणि व्याज मिळून जे निघेल त्याच्या २५ टक्के पहिल्या वर्षी, मग ५०, ६० आणि ७०. २०,००० निघत असतील तर पहिल्या १२ महिन्यांत ५,००० जादा, चौथ्या वर्षी १४,०००. या रिटर्नमधून रिफंड मिळत नाही, तोटा दाखवता येत नाही आणि आधी दाखवलेला कर कमीही करता येत नाही.

विकास सोसायट्या आणि पतसंस्थांच्या सचिवांसाठी दोन ओळी. ८० पी ची, म्हणजे सहकारी संस्थांच्या नफ्याची, वजावट २०१८-१९ या असेसमेंट इयरपासून फक्त मूळ तारखेच्या आत भरलेल्या रिटर्नलाच मिळते. ती तारीख हुकली की सगळ्या नफ्यावर कर. २०१८-१९ ते २०२२-२३ या असेसमेंट इयरसाठी राज्याच्या कायद्याखालचं ऑडिट उशिरा झाल्यामुळे ज्यांना उशीर झाला, त्यांच्यासाठी केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने २६ जुलै २०२३ च्या परिपत्रकाने विलंब माफ करण्याची वाट करून दिली होती. पुढच्या वर्षांना ते परिपत्रक लागू नाही.

रिफंडवाले सहसा जेसीबी, ट्रॅक्टर किंवा मजूर पुरवणारे असतात. रस्त्याच्या कामावर ठेकेदाराने बिलातून १ टक्का कापलेला, आपलं उत्पन्न मर्यादेच्या आत, म्हणजे पैसे परत मिळायलाच हवेत. पण तारीख गेली. त्यांच्यासाठी माफीचं कलम ११९(२)(ब). अर्ज पोर्टलवरच, कंडोनेशन रिक्वेस्टमध्ये. १ ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे असेसमेंट इयर संपल्यापासून ५ वर्षांत अर्ज करता येतो आणि १ कोटीपर्यंतची प्रकरणं प्रधान आयुक्त किंवा आयुक्त बघतात. म्हणजे २०२२-२३ या असेसमेंट इयरसाठी ३१ मार्च २०२८ पर्यंत संधी आहे. अर्जात खरी अडचण आणि तिचा पुरावा लागतो. दवाखान्याचे डिस्चार्ज पेपर, मृत्यूचा दाखला, आग किंवा पुराचा पंचनामा, टीडीएस उशिरा दिसल्याचा २६ एएस. "माहीत नव्हतं" हे कारण मी लिहायला सांगत नाही.

अर्जाचा निकाल अर्ज मिळाला त्या महिन्याच्या शेवटापासून शक्यतो सहा महिन्यांत लावायचा, असं परिपत्रक सांगतं. आदेश आला की त्याचा क्रमांक आणि तारीख घेऊन त्याच वर्षाचं रिटर्न उघडा, सेक्शनमध्ये ११९(२)(ब) निवडा, आदेशाचा तपशील टाका आणि भरा. त्यालाही व्हेरिफिकेशनचे ३० दिवस लागू आहेत. रिफंडसाठी बँक खातं आधी प्री-व्हॅलिडेट करून ठेवा. आणि या रिफंडवर व्याज मिळत नाही, तेव्हा ठेकेदाराकडे किंवा विभागाकडे व्याजासाठी भांडायला जाऊ नका.